अक्काने बांधलेला करदोडा

मुंबई, मंगळवार

ती. अक्कास,
झुलालचा वाकून नमस्कार. फोनवर तू घाबरून अर्धंच ऐकतेस, म्हणून लिहून कळवतो.

आज माझ्या यकृताचा छोटा एमआरआय झाला. आबांसारखी कॅन्सरची गाठ कुठे लपली नाही ना, एवढंच त्यात बघतात. मोठ्याला पाऊण तास लागतो, मला बारा मिनिटं लागली. भिंतीवरच्या घड्याळात आत जाताना आणि बाहेर येताना मीच पाहिलं.

अंगठी काढली, पण कमरेचा चांदीचा करदोडा ठेवला. मशीनवरच्या मुलीला म्हटलं, "अक्काने बांधलाय. सत्तावीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करतोय, चांदीला चुंबक ओढत नाही."

"ओढत नाही काका, पण तापते. भाजलं तर तुमच्या अक्का मलाच बोलतील!"

हे मला माहीत नव्हतं. मुकाट्याने सोडला. कोणाला सांगू नकोस.

गाठ नाही, सगळं ठीक आहे. बठ्ठं बरं शे! आता दर सहा महिन्यांनी बघायचं.

म्हैस व्याली का?

अक्का, आबांच्या गाठीमागची ती हिपॅटायटिसची कावीळ माझ्याही रक्तात निघाली; घरात एकाकडून दुसऱ्याला लागते ती, आणि तुझं रक्त अजून तपासलेलंच नाही. सोमवारी सोनगीरला येतो, तुला धुळ्याला नेतो. करदोडा खिशात आहे. तू रक्त दिल्यावरच बांधून घेईन.

तुझा हट्टी भाऊ,
झुलाल