कॅसेटमधला खोकला

दादा, तुमच्या रेकॉर्डना आता भाव आलाय. हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले, पण खरं कारण वेगळं आहे. त्या रेकॉर्ड धाकटीकडे आहेत आणि माझ्या पोटात दुखतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या आम्हा दोघी लेकींचे केस पिकले, मी आजी झाले, तरी तिच्या ताटात काय वाढलंय हे डोकावून बघायची माझी सवय गेलेली नाही. तुम्ही हसाल. हसा.

परवा कॉलेज रोडच्या एका दुकानात मुद्दाम जाऊन आले. नव्या कोऱ्या रेकॉर्ड काचेत मांडून ठेवल्यात, एकेकीची किंमत अशी की आमचा महिन्याचा किराणा भरावा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, गिफ्टसाठी बघताय का?" मी म्हटलं, "नाही गं, आमच्या घरात ढीग होता." ज्या काळात पैसेवाले रेकॉर्ड विकून कॅसेटींच्या मागे लागले होते, तेव्हा तुम्ही भद्रकालीच्या जुन्या बाजारातून दुसऱ्यांच्या टाकून दिलेल्या रेकॉर्ड सायकलला पिशव्या लावून आणत होतात आणि आई म्हणत होती, भंगार गोळा करायची नोकरी कधीपासून लागली. आता माझा मुलगा म्हणतो, आई, जगातली सगळी गाणी फोनमध्ये आहेत, कशाला हवीत ती धुडं. दर महिन्याला तो पैसे भरतो. मी विचारलं, नाही भरले तर? म्हणाला, मग गाणी बंद. म्हणजे भाड्याचं घर झालं की. तक्रार नाही माझी, पोळ्या लाटताना मीही त्यावरच ऐकते. आवाज अगदी स्वच्छ येतो, पण त्या घरात कोणी राहत नाही असं वाटतं.

माझ्या लग्नाच्या आधीचे ते रविवार तुम्हाला आठवत असतील. छापखान्यातल्या ओव्हरटाइमवर तुम्ही मला सासरी न्यायला टेपरेकॉर्डर घेतला होता. कॉलनीत तेव्हा कुणाकडेच नव्हता. धाकटीनं तो बघितला आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. "ताईला नवं, मला जुनं," एवढंच बोलायची. तुम्ही तिला सांगितलं होतं ना, प्लेअर आणि सगळ्या रेकॉर्ड तुझ्या. तिला ते सांत्वन वाटलंच नाही, आणि मला तर मनातून फार गोड वाटलं. आपण जिंकलो असं वाटलं.

प्लेअर टेपला वायरनं जोडून रेकॉर्डवरची गाणी उतरवता येतात हे आपल्या घरात कुणाला ठाऊक होतं? तुम्ही प्लेअरच्या डब्यासमोर टेपरेकॉर्डर मांडायचात, घुटमळणाऱ्या सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवायचात, आणि घरभर हुकूम सुटायचा, गाणं संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. आई कुकर उतरवून ठेवायची. खिडक्या बंद, पंखा बंद. तुमचं आवडतं भीमगीत उतरवताना शेवटच्या कडव्याआधी ढोलकी क्षणभर थांबते, नेमकी त्या जागी धाकटी खोकली. तुम्ही परत पहिल्यापासून सुरू केलंत. परत तिथेच खोकली. मी तिच्याकडे असे डोळे वटारले की बास. तिसऱ्या वेळी ती खोकली तेव्हा मला वाटलं, आता हिला धपाटा बसणार. तुम्ही फक्त हळूच म्हणालात, "श्श. ये, इकडे बस माझ्याजवळ." आणि गाणं तसंच पुढे जाऊ दिलंत.

चांदवडला सासरी टेपरेकॉर्डर कडेवर घेऊनच मी जीपमधून उतरले. सासूबाईंनी आख्खी गल्ली बोलावली. "सुनंनं काय आणलंय बघा, लय भारी हाय," म्हणून त्या मिरवत होत्या, आणि मीही. पण कॅसेटींचं आयुष्य ते केवढं. काही टेपनं गिळल्या, काहींना बुरशी चढली, मग सीडी आल्या, त्याही गेल्या. आम्ही चांदवडहून परत इकडे शहरात, द्वारका चौकाजवळ राहायला आलो तेव्हा सामानात एकच कॅसेट धड निघाली, तीच, भीमगीताची. टेपला वरून थाप मारली की अजून चालतो. ढोलकी थांबते, खोकला येतो, आणि मग तुम्ही बोलता. तुमचा आवाज आता जगात तेवढाच आहे. आणि दादा, तोही तिच्यासाठी आहे. मी शहाण्यासारखी श्वास धरून बसले होते, त्यामुळे माझ्याच कॅसेटमध्ये मी कुठेही नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात दिंडोरीच्या पुढे एका वायनरीत संध्याकाळचा रेकॉर्ड ऐकायचा कार्यक्रम होता. धाकटीला बोलावणं आलं, प्लेअर आणि रेकॉर्ड घेऊन या म्हणून. गाडी पाठवली तिला. ती म्हणाली, "ताई, चल ना, मला एकटीला कसंतरी होतं." मी गेले, पण जिवावर आलं होतं. द्राक्षाच्या वेलींसमोर खुर्च्या, पोरंपोरी हातात ग्लास घेऊन बसलेली, आणि मधोमध आपला प्लेअर, तोच, झाकणाचा कोपरा उडालेला. धाकटीनं सुती साडी नेसली होती आणि सगळे तिला मॅम म्हणत होते. मॅम! मला एकानं विचारलं, तुम्ही त्यांच्यासोबत आलात का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिनं दांडीवर चार आणे ठेवले तसा तिथला जाणता तरुण कळवळला. "मॅम, प्लीज, त्यानं रेकॉर्ड घासते. याची व्हॅल्यू जाईल." धाकटी म्हणाली, "आमच्या दादांची पद्धत आहे. व्हॅल्यू गेली तर जाऊ दे." मी असं बोलू शकले नसते. तो तरुण बोलला तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं, घासल्या असतील तर बरं म्हणून. आणि ती मात्र इतक्या सहज बोलून गेली की मी पुन्हा जळले.

मग तिनं ते भीमगीत लावलं. सगळे गप्प झाले. शेवटच्या कडव्याआधी ढोलकी थांबली आणि मी खुर्चीत ताठ झाले, खोकल्याची वाट बघत. रेकॉर्डमध्ये तो कुठून असणार? पण माझ्या कानांना इतक्या वर्षांत तसंच वळण लागलंय. त्या शांततेत धाकटीनं माझ्याकडे बघितलं, आणि खोकली. मुद्दाम. लहानपणी खोकायची तश्शी. माझ्या तोंडून निघून गेलं, "श्श. ये, इकडे बस माझ्याजवळ." शब्द तुमचे होते, दादा, आवाज माझा होता. ती खरंच उठून आली आणि माझ्याजवळ बसली. सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली तरी आम्ही उठलो नाही.

परत येताना गाडीत म्हणाली, "ताई, ती कॅसेट आहे का गं अजून? रेकॉर्ड काय, पैसे टाकले की कुणालाही मिळतील. दादांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. मला त्या टेपचा केवढा राग यायचा, अजून येतो." मी खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "बघते शोधून."

शोधायची गरज नाही. कपाटात शालूखाली आहे. मुलगा म्हणतो, दे, बसल्या बसल्या कॉपी करतो, तुला एक, मावशीला एक, काही खर्च नाही. तिला द्यायची आहे, खरंच देईन. पण एकदा तिच्या फोनमध्ये गेली की तिच्याजवळ नाही असं माझ्याजवळ काहीच उरणार नाही. म्हणून काल तिचा फोन आला तेव्हा पुन्हा सांगितलं, अजून सापडत नाही गं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुम्ही आधी तिलाच जवळ बसवून वाचून दाखवलं असतं.