जपानहून रिकामा आलेला डबा

आई, तुझा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा मी जपानला नेला होता. विचारायला तू नव्हतीस, आणि बाबांना विचारलं असतं तर "जपानला कशाला?" इथूनच सुरुवात झाली असती. तिकीट स्वस्त मिळालं, एवढंच. खरं सांगायचं तर बाबांची नोकरी संपत आली होती. व्हिसा कॅन्सल होणार, आखातातला हा ऊद मेथाचा फ्लॅट सोडायचा, आणि तुझं किचन आवरायला मी हवा होतो. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होतो. तेव्हापासून त्या किचनमधली एकही बरणी आम्ही हलवलेली नाही. म्हणून मी पळालो, डब्यात चिवडा भरून.

पहिले काही दिवस नुसता चुकत होतो. स्टेशनात एका हॉटेलबाहेर मेणाचे वाटावेत असे खोटे पदार्थ मांडले होते, नूडल्स, त्यात हवेत उभे राहिलेले काटे. ते बघत बसलो आणि गाडी गेली. पुढच्या गाडीत बाबांचा फोन आला, तर बाबांच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये बोलतात तसा मी मोठ्याने "हां बाबा, बोला" म्हणून सुरू झालो. तिकडे गाडीत फोनवर बोलत नाहीत. गाडीतली शांतता तेवढी आणखी दाट झाली. शेवटी समुद्राकाठच्या एका गावात, एका म्हातारीच्या घरी वरची खोली मिळाली. दोन रात्रींसाठी. पहिल्याच सकाळी मी संडासातल्या चपला घालून तिच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलो. तिकडे त्या चपला वेगळ्या असतात, संडासाच्या दाराबाहेर आणायच्या नाहीत. तिने माझ्या पायांकडे बघितलं, तोंडावर हात ठेवून हसली आणि वाकून त्या जागेवर नेऊन ठेवल्या. मला तू आठवलीस. तू हसली नसतीस.

लाजेपोटी मी तिला डबाभर चिवडा दिला. संध्याकाळी डबा परत आला. धुतलेला, फडक्यात गाठ मारून बांधलेला, आणि आत खारवलेली लाल फळं, एवढी आंबट की कान हलले. आता तूच सांग, मी काय करणार होतो? रिकामं भांडं परत द्यायचं नाही, काही नसेल तर चिमूटभर साखर तरी, हे तू मला चालायला शिकवायच्या आधी शिकवलं असशील. मी बटाट्याची भाजी केली. तिच्याकडून रताळी आली. मी फोडणीचा भात केला, मोहरी तडतडली तशी ती खिडक्या उघडायला धावली. त्यावर मासा आला. आमच्या दोघांमध्ये बोलणारा एक फोन होता. ती जपानीत बोलायची, फोन इंग्रजीत सांगायचा.

"कालचं फार तिखट होतं. माझा नवरा असता तर रडला असता."

"आणि तुम्ही?"

"मी दोनदा वाढून घेतलं."

हे थांबवायचं कसं ते मला कळेना, तिलाही कळत नसावं. एका कॉलेजात, एका नोकरीत न टिकलेला मी, एका डब्यापायी त्या गावात राहून गेलो. बाबांचा परत फोन.

"कुठे आहेस?"

"जपानमध्येच."

"अजून?"

"एकीला डबा परत द्यायचाय."

बाबा म्हणाले, "मग दे आणि ये. मुसफ्फाचं सगळं वर्कशॉप मी एकट्याने आवरीन. तिचं किचन मला नाही जमायचं."

निघायच्या सकाळी डबा खोलीच्या दाराशी होता. उचलला तर हलका. आत काही नाही. मला लागलं ते. फोन पुढे करून विचारलं, माझं काही चुकलं का? ती फोनशी बराच वेळ बोलली. फोन म्हणाला, "तू लांब चाललायस. भरून दिला असता तर परत देण्याची काळजी तुझ्यामागे लागली असती. आता काही राहिलं नाही. मोकळा जा." ती वाकली, मीही वाकलो. मी डोकं वर केलं तरी ती वाकलेलीच. मोकळा जा. मला आयुष्यभर हेच तर हवं होतं. मग विमानात तो रिकामा डबा मांडीवर घेऊन का बसलो कोण जाणे.

आता तुझ्या ओट्याशी खाली बसून लिहितोय. बरण्या खोक्यांत गेल्या. बाबा बाहेर टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा करून बसलेत. दुपारी वरच्या फळीवर, पार मागे, निळ्या काठाचा काचेचा बाऊल मिळाला. आपला नव्हता.

"बाबा, हा कुणाचा?"

"समोरच्या खालाचा. तुझी आई गेली त्या आठवड्यात खिचडी आली होती त्यातून."

"परत नाही दिला?"

"रिकामा कसा देणार? आणि भरणार कोण होतं?"

मी ठरवलं, म्हातारीसारखं करायचं. बाऊल धुतला, फडक्यात बांधला, समोरचं दार वाजवलं. खाला, मावशीच आपली, आता काठी घेऊन चालते, तिची हैदराबादी बोली मात्र तशीच आहे.

"अरे, तू जापान से कब आया रे?"

म्हटलं, खाला, ये आपका रह गया था. हम लोग जा रहे, खलास. किसी का कुछ रखना नहीं.

तिने गाठ सोडली. आत बघितलं, मग माझ्याकडे.

"खाली लाया? तेरी अम्मी देखतीं तो चप्पल उठातीं. ठैर. यल्ला, अंदर आ."

बाऊल काठोकाठ 'डबल का मीठा', तिचं ते पावाचं गोड, भरून परत माझ्या हातात आला. मी म्हटलं, खाला, व्हिसा जा रहा है, लौटाऊँगा कैसे?

"विझिट पे आ. बर्तन मेरा है, आना तो पड़ता."

आई, मी इथे जन्मलो, पण उद्या चाव्या दिल्या की या शहरात यायला माझ्याकडे कारण म्हणून काही उरत नाही. गोड बाबांनी आणि मी उभ्यानेच संपवलं. बाबा म्हणाले, साखर आहे थोडी, बाऊलमध्ये घाल आणि देऊन ये. देतो म्हटलं. दार समोरच आहे, खाला जागी आहे, अख्खी संध्याकाळ मोकळी आहे. हे पत्र तुला पोचणार नाही म्हणून सांगतो, बाऊल मी माझ्या बॅगेत, कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवलाय.