विणकाम मशीनचं मॅन्युअल, भाग एक ते अठ्ठेचाळीस

मंगळवार, ५ नोव्हेंबर. दुपारी १:१०

घडलं ते क्रमाने:

१. रविवारी मी ताईचं विणकामाचं मशीन साफ करायला उघडलं. ताईने सांगितलं नव्हतं.
२. दोनशे चौदा सुटे भाग निघाले. चादरीवर मांडले.
३. परत जोडताना एकशे नव्वद लागले. चोवीस उरले. पुन्हा सगळं सोडवून चादरीवर ठेवलं.
४. ताईला वीस तारखेपर्यंत शाळेचे नव्वद स्वेटर द्यायचे आहेत. पहिलीच मोठी ऑर्डर.
५. मशीन बनवणारी कंपनी बंद पडली आहे. पण एका न्यूजग्रुपवर कोणीतरी मॅन्युअल स्कॅन करून टाकलंय. डाउनलोड सुरू केलं.
६. आज ११:२० ला भाऊजींनी फोन उचलला. इंटरनेटला आणि फोनला घरात लाइन एकच. कनेक्शन तुटलं.
७. मी रिसीव्हर मागितला.
८. रिसीव्हर त्यांच्या कपाळाला लागला. तीन टाके.
९. रिसीव्हर उत्तम चालतो आहे.

माझा स्वभाव तापट नाही. तांत्रिक शिक्षणात पहिलीच गोष्ट शिकवतात ती ही, की गरजेपुरताच जोर लावायचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६:००

ताई म्हणाली, न्यूजग्रुप म्हणजे काय ते मला कळेल असं सांग, नाहीतर मशीन आत्ता जोडून दे. म्हणून हे टिपण.

न्यूजग्रुप म्हणजे सगळ्यांचा एक फलक. मोठी फाइल तिथे सबंध मावत नाही, म्हणून टाकणारा तिचे तुकडे करून चिकटवतो. आपले अठ्ठेचाळीस. आपण ते एकेक उतरवून घ्यायचे आणि जोडायचे. एक जरी कमी पडला तरी काही उघडत नाही. चौदा दिवसांनी फलक पुसला जातो. आपला पुसला जाणार सोमवारी, ११ तारखेला दुपारी बाराला.

एका तुकड्याला बारा मिनिटं. एकूण नऊ तास छत्तीस मिनिटं. सहा दिवस हातात आहेत. हसू आलं.

सोबत पाच दुरुस्तीच्या फाइली आहेत. कुठलाही तुकडा खराब निघाला तर यातली एक त्याची जागा भरून काढते. निष्काळजी लोकांची सोय. मी घेणार नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

भाऊजी प्लंबर आहेत. गिऱ्हाइकं फोनवरच येतात, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भिंतीतून वायर उपटून. प्लास्टरही आलं. म्हणाले, आता कर काय करायचं ते, इंजिनियरबाई.

मी वायर परत मागितली. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, कारण मी काम करत होते. ते मागे सरकले ते थेट चादरीवर. मशीनच्या सात सुया टाचेत. दोन ताईने काढल्या, पाच मी पकडीने. त्यांचं ओरडणं अनावश्यक होतं.

सातही सुया धुऊन जागेवर ठेवल्या. भाग दोनशे चौदा. पूर्ण.

वायर परत जोडली. तुकडे: अकरा.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

संकल्प: हात खिशात.

फोनचं वेळापत्रक केलं. दहा ते चार मी, बाकी ते. भाऊजींनी वाचलं, चुरगाळलं आणि माझ्या चहात टाकलं. ताई म्हणाली, लग्नानंतर मला वाटलं होतं घरात एकच लहान मूल असेल, तेही झाल्यावर. आणि इथे आधीच दोन आहेत, एकाला टाके घातलेले.

चहा त्यांच्या शर्टावर गेला. गरम नव्हता.

तुकडे: बावीस. गती समाधानकारक.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. दुपारी २:४०

एकतिसावा तुकडा येत असताना भाऊजींनी कीबोर्ड उचलला आणि गुडघ्यावर मोडला. गुडघा सुजला. बटणं सगळीकडे. ओढाताणीत फोनची वायरही निघाली.

माझ्या हातून पाना सुटला. फेकला नाही. सुटला. दिशा त्यांच्या बाजूची होती.

मध्ये ताई आली.

उजवं मनगट.

संध्याकाळी ७:३०

हाड मोडलेलं नाही. तडा आहे. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं तर ताई म्हणाली, मशीन साफ करताना.

घरी येऊन म्हणाली, तुझं सामान बांध. मी म्हटलं, मॅन्युअल आलं की जाते. ती म्हणाली, आज.

भाऊजींनी बॅग आणि माझा काँप्युटर खाली आणून दिला. लंगडत. त्यांच्याकडून इतका संयम अपेक्षित नव्हता.

रविवार, १० नोव्हेंबर. सकाळी ११:००

काल-आज मी नोकरी करते त्या वर्कशॉपच्या फोनवरून, दुसरा कीबोर्ड लावून, उरलेले सगळे तुकडे घेतले. यादीत अठ्ठेचाळीस नावं दिसतात. जोडून पाहणार नाही. उद्या ताईच्या समोर उघडणार. तिला पटलं पाहिजे की मी दिलेला शब्द पाळते.

सोमवार, ११ नोव्हेंबर

काँप्युटर टॅक्सीने नेला. दुपारी चारला पोचले. ताईने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, पण बाजूला झाली.

तीस तुकडे जुळले. एकतिसावा अर्धाच निघाला. कीबोर्ड मोडला तेव्हा जेवढा आला होता तेवढाच. यादीत नाव दिसत होतं म्हणून मी पुढच्या तुकड्याकडे गेले होते.

फलक बाराला पुसला गेला होता. दुरुस्तीच्या फाइलींसकट.

मी काँप्युटरला लाथ मारली. पायाचं नख उलटलं. भाऊजींनी बर्फ आणला. मी तो भिंतीवर मारला. ते म्हणाले, अजून आहे फ्रिजमध्ये, मारून होईपर्यंत आणत राहतो.

ताईने विचारलं, त्या दुरुस्तीच्या फाइली विकत घ्याव्या लागत होत्या का. नाही. मग एकीला किती वेळ लागला असता. बारा मिनिटं.

तिने डाव्या हाताने चादरीची चार टोकं गोळा केली. गाठ मारता येईना. भाऊजींनी मारली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सकाळी ८:१५

वर्कशॉपच्या पत्त्यावरून ताईला चिठ्ठी पाठवली. तिची नक्कल:

ताई,

पाना सुटला नव्हता. मी फेकला. भाऊजींवर नेम होता. रिसीव्हरही मीच मारला.

मशीन मला जोडता येत नाही. उघडलं त्या रविवारी तिसऱ्या तासालाच कळलं होतं, तुला बोलले नाही.

नव्वद स्वेटर वीसपर्यंत होणार नाहीत. शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना हे मी सांगेन, कारणासकट. त्यांनी मुदत दिली तर भाड्याच्या मशीनवर तू सांगशील तसं मी विणेन. मला विणता येत नाही. तू शेजारी बसून ओरडलीस तरी चालेल.

मी शाळेत जाऊ का आणि घरी येऊ का, या दोन्हींचं उत्तर शुक्रवार, १५ नोव्हेंबरपर्यंत कळव. फोन भाऊजींनी केला तरी चालेल.