साऊआजोबांची शवपेटी

३ ऑक्टोबर, मंगळवार

साऊआजोबा आजही दुपारी शवपेटीत झोपले. तासभर. घोरत होते.

पेटी त्यांचीच आहे. मुओय सुताराने मापं घेऊन बनवलीय, पंच्याहत्तरी झाली तेव्हा. पुढच्या खोलीत खिडकीखाली असते. पाहुणे आले की तिच्यावरच चहाचे पेले ठेवतात. आईला ते आवडत नाही – डाग पडतात म्हणून.

मला एकच कळत नाही. आत पाठ टेकली की साऊआजोबा हसतात. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ ते, पण एरवी कुणाकडे बघून हसत नाहीत. आज विचारलं, "आत काय आहे?"

"तुझी वेळ येईल तेव्हा बघ," म्हणाले.

म्हणजे सत्तर वर्षं थांबायचं?

५ ऑक्टोबर

पाणी तिसऱ्या पायरीवर. शाळा बंद. स्वयंपाकघरात मासा आला होता, आईने लगेच तळला.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

कालव्यापलीकडच्या लीएनआजी वारल्या. होडीवाले लॉयकाका सांगायला आले.

साऊआजोबा चहा पीत होते. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की, साऊकाका. थिनने आरसा धरून बघितला नाकापाशी."

"मागच्या वर्षी पण मेली होती. दुसऱ्या दिवशी बाजारात दिसली."

तीस वर्षं ते दोघं बोलत नव्हते. कारण बदकं. लीएनआजींच्या बदकांनी साऊआजोबांचं भात खाल्लं. साऊआजोबांनी त्यातली दोन पकडली, आलं घालून शिजवली आणि ताट भरून लीएनआजींकडेच पाठवलं. त्यांनी चाटूनपुसून खाल्लं, छान झालंय असा निरोपही दिला. मग संध्याकाळी बदकं मोजली.

तेव्हापासून एकाने छत्री उघडली तर दुसरा पावसात भिजणार, पण छत्री उघडणार नाही.

आता पंचाईत अशी की त्यांच्या घरात पेटी नाही. मुओय सुताराचं दुकान पाण्यात, लाकूड वाहून गेलं. चाऊ डॉकच्या बाजारात पण गळ्याइतकं पाणी. लीएनआजी पलंगावरच ठेवल्यात. या उकाड्यात.

साऊआजोबा रात्री जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

७ ऑक्टोबर, शनिवार

आई झोप म्हणतेय. पण सगळं लिहिणारच.

दुपारी साऊआजोबा झोपायला आलेच नाहीत. पेटी रिकामी. आई मागे जाळं धूत होती. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. आत शिरले. झाकण ओढून घेतलं, श्वासापुरती फट ठेवली.

आत चंदनी उदबत्तीचा वास. बाहेरचं सगळं लांबून ऐकू येतं, कानात कापूस घातल्यासारखं. मला हसू आलं नाही, पण झोप यायला लागली.

तेवढ्यात पावलं. साऊआजोबा, लॉयकाका, आणखी दोघंतिघं. बाहेर पडावं तर साऊआजोबांचा मार. गप्प राहिले. मग पेटीच उचलली!

"जड आहे हो," कुणीतरी म्हणालं.

"लाकूड फुगलंय पाण्याने," लॉयकाका म्हणाले.

"मऊ माणसासाठी बनवलेली नाही ती," साऊआजोबा म्हणाले. "उचला."

होडीत ठेवली. इंजिन सुरू झालं आणि धप्पकन साऊआजोबा झाकणावर बसले. फट गेली. नुसता अंधार. आता ओरडले असते तरी इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार! तरी ओरडले. मग लाकडाला कान लावून पडून राहिले.

लॉयकाका विचारत होते, "साऊकाका, खरंच देताय? तिला?"

"कुणाला तरी द्यायलाच हवी. वास यायला लागेल."

"मग भांडण मिटलं म्हणायचं."

"पेटी देतोय. भांडण नाही देत."

हे ऐकून मला कळलं मी कुणाच्या घरी चाललेय. आणि कशासाठी. ते झाकण न उघडताच खिळे ठोकतील का? मी मुठींनी झाकण बडवायला लागले.

"इंजिन ठोकतंय बघ," साऊआजोबा म्हणाले.

मग वाळूचा मोठा पडाव शेजारून गेला असणार. लाटेने होडी कलली, मी डोक्यावर आपटले, सगळं घसरलं आणि थंड पाणी पाठीला लागलं. झाकण गेलं. आभाळ दिसलं. मी उठून बसले.

पेटी तरंगत होती. मी आत. साऊआजोबा पाण्यात, होडीची कड धरून.

लॉयकाकांनी वल्हं सोडून दिलं. "साऊकाका, पेटीत कुणीतरी आहे!"

"कोण असणार? मी तर बाहेर आहे," साऊआजोबा म्हणाले. मग मान वळवून बघितलं.

मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. चेहरा पिठासारखा पांढरा. "लुआ! बसून राहा! उभी राहू नकोस!"

त्यांचं इंजिन भिजून बंद पडलं होतं. आणि मी चालले होते, प्रवाहाबरोबर. पायातल्या चपलेने वल्हवायला बघितलं, तर पेटी नुसती गोल फिरली. एका पिवळ्या फुलांच्या झुडपात अडकले. फांदीवर साप होता, पातळ, हिरवा. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग एक उंदीर झुडपातून उडी मारून पेटीत आला आणि माझ्या पायांपाशी बसला. त्याला सापापेक्षा मी बरी वाटले. मी हळूच फांदी ढकलली, पेटी सुटली.

पुढच्या वळणावर लीएनआजींचं घर. ओट्यावर सगळे डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधून पेटीची वाट बघत उभे होते. पेटी आली. माणसांशिवाय, आपली आपण, आणि आत मी बसलेली.

एक मावशी सरळ खाली बसल्या. थिनकाका, म्हणजे लीएनआजींचा मुलगा, गुडघ्यावर पडले आणि हात जोडून म्हणाले, "आई, माफ कर, सगळं वेळेवर करतो."

"मी लुआ आहे," मी म्हटलं. "कुणीतरी दोरी टाका ना."

उंदीर माझ्या आधी उतरला.

८ ऑक्टोबर

मार बसला नाही. साऊआजोबा पोहत आले, मला खांद्याला धरून हलवलं, मग इतकं घट्ट धरलं की माझा श्वास अडकला. घरी आल्यावर आईने फक्त एवढंच म्हटलं, "पुन्हा कधी काही उघडून बघितलंस ना…"

काल लिहायचं राहिलं. लीएनआजींना मी बघितलं. मला वाटलं होतं भीती वाटेल. त्या नुसत्या कंटाळल्यासारख्या दिसत होत्या. तोंडात तांदळाचे दाणे घातले होते. ते का, ते कुणाला विचारता आलं नाही.

आणि पेटी आखूड पडली! साऊआजोबा बुटके, त्या उंच. थिनकाकांना रडू आवरेना. साऊआजोबा ओलेच पुढे झाले आणि लीएनआजींचे गुडघे हळूच वाकवले.

"वाक," ते म्हणाले. "जन्मात एकदा तरी माझ्यापुढे वाक."

सगळे हसले. रडता रडताच. ते मात्र हसले नाहीत. बराच वेळ त्यांचा हात तिथेच होता.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

पुरायला कोरडी जमीनच नाही, म्हणून पेटी शेतात चार खांबांवर मचाण बांधून ठेवलीय. पाणी उतरलं की पुरतील. साऊआजोबा रोज होडीने बघून येतात. मी विचारलं, का?

"माझी पेटी आहे. लक्ष नको ठेवायला?"

घरी दुपारी ते आता जमिनीवर झोपतात. म्हणजे पडतात. डोळे उघडेच असतात.

१६ ऑक्टोबर

पाणी थोडं उतरलं. उद्या लॉयकाकांबरोबर मुओय सुताराकडे, नवी पेटी सांगायला. साऊआजोबा मलाही नेणार आहेत. "नजरेसमोर राहशील तरी," म्हणाले.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

माझे आजोबा गेले तेव्हाही असाच पूर होता. मी सात वर्षांची होते. तेव्हा मुओय सुताराने पेटी पाठवली आणि मोबदला घेतलाच नाही. म्हणून साऊआजोबा दर नव्या वर्षाला त्याला टोपलीभर पपनसं पाठवतात.

आज त्याने माप घेता घेता टेप खाली ठेवली. म्हणाला, "काका, चार वर्षं तुमची पपनसं खातोय, आता घशाखाली उतरत नाहीत. ती पेटी माझी नव्हती. लीएनकाकूंची होती. स्वतःसाठी करून घेतलेली. साऊला सांगितलंस तर बघ, म्हणाल्या होत्या."

परत येताना साऊआजोबांनी होडी शेताकडे वळवायला लावली. मचाणावर चढले, पेटीशेजारी मांडी घालून बसले.

"लॉय, पोरीला घरी सोड," म्हणाले. "तासाभराने ये. मला हिच्याशी भांडायचंय."