जुगाराच्या लायसन्सला लग्न चालत नाही

मंगळवार, १२ जानेवारी २०१६

रूडीने आज विचारलं. मी बारच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून खोक्यात फाडून नशीब बघायच्या नव्या पुल-टॅब चिठ्ठ्या ओतत होते, किल्ली दातांत धरलेली — आणि हा काउंटरमागून म्हणतो, "अर्लिस, आपण लग्न करून टाकू या का?" धुराड्यातली काजळी काढून टाकू या, तसं!

किल्ली गिळली नाही हे नशीब. ती तोंडातून काढली आणि म्हटलं, "नाही करता येत. पान एक्केचाळीस."

"म्हणजे?"

म्हणजे असं की, जुगाराचं लायसन्स आमच्या हॉकी क्लबाचं, क्लबाची जुगार-व्यवस्थापक मी, आणि जुगार चालतो रूडीच्या बारमध्ये. बारमालकाची बायको, किंवा त्याच्या छपराखाली राहणारं कुणीही, व्यवस्थापक होऊ शकत नाही. लग्न केलं की मी गेले. मी गेले की क्लबाचं लायसन्स गेलं, कारण सरकारी परीक्षा पास झालेली अख्ख्या गावात मी एकटी. लायसन्स गेलं की पोरांचं बर्फाचं मैदान बंद. थोडक्यात, मी रूडी झुपानशी लग्न केलं तर साठ पोरांच्या पायांतले स्केट्स उतरतात. हे सगळं मी एका दमात सांगितलं. मलाच कौतुक वाटलं.

रूडी म्हणाला, "नियम म्हणजे नियम," आणि पुढ्यात कॉफी ठेवली. थोडा तरी वाद घालेल असं वाटलं होतं.

घरी येऊन दार लावलं आणि पोट धरून हसले. बत्तीस वर्षं त्या नियमांच्या पुस्तकाला शिव्या घातल्या, आज पहिल्यांदा ते कामी आलं. खरं कारण पान एक्केचाळीसवर नाही. पण ते काही रूडीला सांगायचं नाही.


शनिवार, १६ जानेवारी

बाहेर उणे सत्तावीस, आत मीट रॅफलला, म्हणजे मांसाच्या ताटांच्या सोडतीला, उभं राहायला जागा नाही. बेकनचं पहिलं ताट निघायच्या आतच कळलं की सगळ्या बारला सगळं ठाऊक आहे. रूडीच्या तोंडात तीळ भिजत नाही. चिठ्ठ्या घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघतो, मग रूडीकडे, मग मान हलवतो. मयताला आल्यासारखं.

कोंबडीचं ताट निघाल्यावर व्हर्न उभा राहिला. व्हर्न म्हणजे क्लबाचा अध्यक्ष. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, आता दोन्ही कानांत यंत्रं. त्याने सोडतीचं चाक फिरवायचं थांबवून जाहीर केलं, "ऐका रे. ती परीक्षा मी देणार. अर्लिसने पोरांसाठी इतकी वर्षं घातली, आता तिच्या लग्नासाठी मी महिनाभर पुस्तक वाचलं तर मरत नाही." टाळ्या! मग माझ्याकडे वळून, "फक्त तू मला शिकव, बाई."

सगळा बार बघत होता. मी काय म्हणणार? म्हटलं, "आनंदाने."


गुरुवार, २१ जानेवारी

व्हर्न वही घेऊन आला. पेन्सिलीला टोक काढून आला. वहीवर नाव घालून आला!

पहिला प्रश्न: चिठ्ठ्या विकणाऱ्याला त्याच खोक्यातली चिठ्ठी स्वतः विकत घेता येते का? पुस्तक म्हणतं, मुळीच नाही. मी म्हटलं, "सणासुदीला चालतं."

त्याने लिहून घेतलं. "सणासुदीला" खाली रेघ मारली.

दुसरा प्रश्न: ज्याला मांसाचं ताट लागलं त्याला ते नको असेल तर बदल्यात बियर देता येते का? मी म्हटलं, "ते ताटात काय आहे त्यावर अवलंबून." मग मला थांबताच येईना. फाटलेल्या चिठ्ठ्या किती वर्षं जपून ठेवायच्या? "व्यवस्थापकाची मर्जी." घरातलं लहान मूल खेळू शकतं का? "बरोबर आजी असेल तर."

दोन तास. माझ्या हातचा टेटर टॉट हॉटडिश — खिम्यावर बटाट्याचे गोळे — दोनदा वाढून घेतला आणि जाताना म्हणाला, "तू फार छान शिकवतेस गं. मला वाटलं होतं अवघड असेल."


शुक्रवार, २२ जानेवारी

व्हर्न बसच्या जुन्या थांब्यावर उभा राहून नियम पाठ करतो म्हणे. मला लाज वाटते. थोडीशी.


सोमवार, १ फेब्रुवारी

व्हर्न नापास. सणासुदीचा प्रश्न आला होता.

रूडीने त्याला फुकट बियर दिली आणि मला म्हणाला, "बिचाऱ्याने एवढा अभ्यास केला होता." मी म्हटलं, "वय झालंय." रूडी ग्लास पुसत राहिला. त्याचं वय व्हर्नपेक्षा एका वर्षाने जास्त आहे, हे मी बोलून गेल्यावर आठवलं.


शनिवार, ६ फेब्रुवारी

भर मीट रॅफलमध्ये सरकारी तपासनीस! मिस व्हँग. वय असेल तिशीचं, राजधानी सेंट पॉलहून चार तास गाडी चालवत आली, पायांत बर्फासाठी एकदम योग्य बूट. आधीचा म्हातारा तपासनीस हॉकीच्या गप्पा मारून जायचा. हिने भिंतीवरचं लायसन्स वाचलं, चाक स्वतः फिरवून बघितलं, आणि बेकनच्या ताटावरची किंमत खाटकाच्या पावतीशी ताडून पाहिली.

रूडीने तिच्यापुढे आईच्या पद्धतीची पोटिका ठेवली — अक्रोड भरलेली गोड पावाची वळकटी, तीच ती, जिच्यासाठी लोक त्याच्याशी भांडण मिटवतात. ती म्हणाली, "घेता येत नाही. नियम आहे." तिच्या डोळ्यांत मात्र पाणी आल्यासारखं वाटलं. मला ती आवडली.

आणि मग व्हर्न आला. तिच्यापुढे छाती काढून उभा. "मॅडम, मी परत परीक्षेला बसणार आहे. एक शंका होती. चिठ्ठ्या विकणाऱ्याला सणासुदीला चालतं, त्यात ईस्टर धरायचा का?"

मिस व्हँगने विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"अर्लिसने. बत्तीस वर्षांचा अनुभव आहे तिला."

तिने माझ्याकडे बघितलं. मी कानाकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हटलं, "त्याची यंत्रं. अर्धं ऐकतो, अर्धं जुळवतो." तिने वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. तोवर मी सरळ असलेली ताटं पुन्हा सरळ केली.

जाताना मला म्हणाली, "तुमची कागदपत्रं या जिल्ह्यात सगळ्यांत नीट आहेत." आणि हातमोजे चढवत, "काही विचारायचं असेल तर फोन करा. लोक विचारत नाहीत, नुसतं गृहीत धरतात." मी म्हटलं, मला काही विचारायचं नाही.


रविवार, १४ फेब्रुवारी

दारात ताट. डुकराच्या बरगड्या, वर लाल फीत. चिठ्ठी नाही. आख्ख्या गावात फुलांऐवजी बरगड्या पाठवणारा माणूस एकच.

बारमालकाकडून व्यवस्थापकाने भेट घ्यायची नाही — पान अडतीस. ओव्हनमध्ये टाकल्या. दोन वेळा पुरल्या.

जेवण झाल्यावर रडू आलं. उगाच नाही आलं. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय.

वॉली साडेसहा वर्षं अंथरुणाला होता. दोन हजार अकराच्या सप्टेंबरात गेला. त्याला उचललं, भरवलं, पुसलं, आणि शेवटी तो मला आई म्हणायला लागला. मी तक्रार केली नाही, कारण आमच्यात तक्रार करत नाहीत. पण मातीवरून परत आले त्या दिवशी मी ठरवलं, परत नाही. आता माझं घर माझं आहे. रविवारी सकाळी चर्चपर्यंत कुणाचं खोकणं ऐकू येत नाही. आणि रूडी सत्तर वर्षांचा. गेल्या वर्षी त्याच्या हृदयात स्टेंटच्या दोन जाळ्या बसवल्या. मला तो आवडतो. इतका आवडतो की त्याच्या बारचा दिवा दिसला की माझी पावलं आपोआप भरभर पडतात. म्हणूनच मला भीती वाटते. नावडत्या माणसाला पुरणं त्यामानाने सोपं असावं.

असं सांगितलं तर तो म्हणणार, मी काही इतक्यात मरत नाही. वॉलीही तेच म्हणायचा. त्यापेक्षा पान एक्केचाळीस बरं.


सोमवार, २९ फेब्रुवारी

व्हर्न पुन्हा नापास. पण एका मार्काने! या खेपेस गुपचूप स्वतःच पुस्तक वाचत होता, म्हणे माझं शिकवणं आणि पुस्तक कुठेकुठे जुळत नाही. "छपाईत चुका आहेत बहुतेक," म्हणाला. देवमाणूस आहे.

तिसऱ्या खेपेस हा पास होणार. मला काहीतरी करायला हवं.


शनिवार, १२ मार्च

काही करायची गरज उरली नाही.

शेवटचं ताट निघाल्यावर रूडीने काउंटरवर हात आपटला. "व्हर्न, जूनपासून तुमचं खोकं आणि चाक इथून उचला. क्लबाचा करार मी पुढे चालवणार नाही. पलीकडे हायवेवरच्या बारला विचारा, ते आनंदाने घेतील."

व्हर्नला वाटलं यंत्रं बिघडली. "काय म्हणालास?"

"जुगार माझ्या बारमध्ये नसला की अर्लिस माझी बायको होऊ शकते. क्लबही राहतो, पोरंही राहतात. नियमात बसतं. मी विचार केलाय."

इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की शनिवारी ही माणसं रूडीच्या बियरसाठी येत नाहीत. बियर सगळीकडे तीच मिळते. चाक गेलं की त्यामागून माणसं जाणार आणि वर्षाच्या आत तो बार बंद होणार. त्याच्या बापाने खाणीतून निवृत्त होऊन उघडलेला बार. माझ्या एका थापेपायी.

तो माझ्याकडे बघून हसला. मी कोट घातला आणि बाहेर आले. टोपी तिथेच राहिली.


रविवार, १३ मार्च

चर्चमध्ये तोंड हलवलं, आवाज फुटला नाही. शेजारणीने विचारलं, सर्दी का? हो म्हटलं. आणखी एक थाप.


मंगळवार, १५ मार्च

सकाळी दहाला गेले. बार रिकामा. रूडी खुर्च्या खाली उतरवत होता. बसले नाही, बसले असते तर बोलता आलं नसतं.

म्हटलं, "करार मोडू नकोस. अडचण नियमाची नाहीच."

"मग कशाची?"

सगळं सांगितलं. व्हर्नला उलटं शिकवलं तेही. वॉलीचं सांगितलं, तो मला आई म्हणायचा हेसुद्धा, जे मी बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मला आणखी एक माणूस असा हळूहळू जाताना बघायचा नाही, रूडी. आणि मी ते सांगायला घाबरले, म्हणून सरकारच्या पदराआड लपले."

तो खुर्ची हातात धरून उभाच होता. मग ती खाली ठेवली.

"मला नर्स नकोय," तो म्हणाला. "नर्स डुलुथहून येते, चांगली असते, पैसे घेते आणि संध्याकाळी घरी जाते. तसं लिहून ठेवलंय मी, वकिलाकडे. जाळ्या बसवल्या तेव्हाच."

"मग तुला काय हवंय?"

"रविवारी सकाळी कुणीतरी क्रिबेजचा पत्त्यांचा डाव खेळायला. आणि माझ्याशी खोटं खेळणारं नको." मग पुढची खुर्ची उतरवत, "तसं व्हर्नला सणासुदीचं शिकवणारं माणूस मला आवडतं. पण ते माझ्या बाजूने असावं."

मी हसले आणि नाक पुसलं. तो म्हणाला, "हो म्हण किंवा नाही म्हण, पण या खेपेस तुझ्या तोंडाने. घाई नाही." मग माझी टोपी आणून दिली.

ना हो म्हटलं, ना नाही. पण येताना रस्त्यातला बर्फ वितळून पाणी झालंय हे मला आज दिसलं.


बुधवार, १६ मार्च

व्हर्नच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने वही काढून "सणासुदीला" खालची रेघ बघितली, मग म्हणाला, "म्हणजे छपाईत चुका नव्हत्या." आणि लगेच, "म्हणजे मी मठ्ठ नाही!" त्याच्या बायकोने मला अजून कॉफी विचारलेली नाही.

संध्याकाळी मिस व्हँगना पत्र लिहिलं. पान एक्केचाळीसप्रमाणे अडचण येण्याची शक्यता आहे, व्हर्न पास झाला की मला या कामातून मोकळं करावं. रूडीला हो म्हणायचं की नाही ते मला पुस्तक हातात न धरता ठरवायचं आहे. शेवटचं वाक्य खोडलं. सरकारला काय करायचंय त्याच्याशी.


सोमवार, २१ मार्च

मिस व्हँगचा फोन. राजीनामा कशाला, म्हणाल्या. ते कलम दोन हजार अकराच्या ऑगस्टमध्येच रद्द झालं, बदललेलं पान सगळ्या क्लबांना टपालाने गेलं होतं. त्या ऑगस्टात मी टपाल उघडत नव्हते.

मग म्हणाल्या, "पण मिस्टर झुपाननी तुम्हाला सांगितलं नाही? त्यांनी फोन करून हेच विचारलं होतं. तेरा जानेवारीला."

तेरा! म्हणजे दुसऱ्याच दिवशी. व्हर्नच्या दोन्ही परीक्षा, बरगड्या, करार मोडायची धमकी — सगळं, ते कलम उरलेलंच नाही हे ठाऊक असून. बत्तीस वर्षं जुगार मी चालवला, आणि खेळला तो!

उद्या सकाळी जाऊन हो म्हणणार. मला कळलंय हे मात्र लग्न लागेपर्यंत सांगणार नाही.