बेरिंग गेली नव्हती

उस्ताद, तुमच्याशी बोलताना मी जन्मभर मले-तुले केलं, पण कागद समोर आला की हाताला शाळेतलीच भाषा सुचते. हसू नका. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि लिहायला आज बसलोय, कारण तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं, ते आता पोटात ठेवायचं नाही असं ठरवलंय. सोमवारी निम्मं काम झालं. उरलेलं आज झालं.

सोमवारी आसेगावचा एक जीपवाला आपल्या दुकानात आला. जुनी डिझेल जीप, आणि खालून ठक-ठक-ठक. आवाज इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून कुठून तरी येत होता. दोन गॅरेजवाल्यांनी त्याला आधीच सांगितलेलं, बेरिंग गेली, इंजिन खोलावं लागेल. मी बॉनेट उघडून नुसता ऐकत उभा होतो. आपला शेजारी टायरवाला चहा घेऊन आला आणि म्हणाला, "ऐकून काय होते बापा? तुमच्या उस्तादाचाबी कान गेलताच ना अखेरीले. खोला अन् मोकळे व्हा." तीन-चार जण होते, हसले. माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर नाही, माझ्यावर. तुमचा कान गेला ही गोष्ट गावात पसरली ती माझ्यामुळे.

तो केनवडचा टेम्पो आठवतो? तुम्ही तेव्हा हातात पाना घेणं सोडलं होतं, स्टुलावर बसून असायचात. तसाच आवाज. तुम्ही लांब पेचकस, स्क्रूड्रायव्हर, इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग म्हणालात, "इंजन मत खोल. फ्लायव्हील पाह्य, बोल्ट ढिले हायेत." आणि मी टेम्पोवाल्याला तासाभरापूर्वीच छाती ठोकून सांगून बसलो होतो की बेरिंग गेली. अठरा वर्षं तुमच्या हाताखाली काढून नुकतंच दुकान माझ्या हाती आलेलं. गिऱ्हाइकासमोर नाक कापलं जाईल असं वाटलं. तुम्ही लग्नाला कारंज्याला गेलात आणि त्या दोन दिवसांत मी इंजिन खोललं. बेरिंगा कोऱ्या करकरीत. मग गुपचूप गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हीलचं जड चाक उघडं केलं. बोल्ट ढिले, तुम्ही म्हणालात तसेच. आवळले, सगळं परत बसवलं, टेम्पो मुकाट्यानं निघून गेला.

तुम्ही परत आल्या आल्या विचारलं, "क्या निकला?" मी भंगाराच्या डब्यातून एक झिजलेली बेरिंग काढली आणि तुमच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्याच गाडीची होती ती, मापानं चांगली मोठी. तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवला. "अच्छा," म्हणालात. एवढंच. त्यानंतर कोणी आवाज ऐकायला बोलावलं की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात, "उसको बुलाओ, उसका कान जवान है." मी तिथेच उभा असायचो आणि ब्र काढायचो नाही. गॅरेजलाइनभर झालं, उस्तादांचा कान गेला. मनाला मात्र एक समजूत घालून ठेवली होती. एवढी मोठी बेरिंग, चाळीस वर्षं बेरिंगा बसवलेल्या हाताला माप कळणार नाही का? कळलंच असेल. माझी लाज राखायला उस्ताद गप्प बसले असतील. या समजुतीवर मी आजवर सुखानं झोपलो, उस्ताद.

तर सोमवारी टायरवाला हसला आणि मी सगळ्यांना म्हटलं, "थांबा. कोनी जायचं नाई. इंजन आज खोलत नाई, अन् काहून खोलत नाई तेबी दाखवतो." मग तुमच्याच पद्धतीनं निघालो. तुमच्याकडे पहिल्याच वर्षी मी आवाजामागे धावत नट खोलत सुटलो होतो, तेव्हा तुम्ही पाना हिसकून घेऊन ओरडला होतात, "आवाज कुटून येते ते मंग. आधी तो चूप कवा होते ते पाह्य, गधड्या!" आधी ऑइल काढून पांढऱ्या कागदावर पसरलं. बेरिंग खात असती तर धातूची चमक दिसली असती. काळं ऑइल, चमक काही नाही. मग इंजिन चालू ठेवून डिझेलच्या नळ्या एकेक करून ढिल्या केल्या. दर वेळी इंजिन लंगडायचं, पण ठक-ठक जशीच्या तशी. कनेक्टिंग रॉडची बेरिंग गेली असती, तर त्या सिलिंडरची नळी ढिली होताच आवाज नरमला असता. मग जीपवाल्याला म्हटलं, "क्लच दाब." दाबला, आणि आवाज दबला. सोडला, परत सुरू. टायरवाल्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

शेवटची परीक्षा तुमची लाडकी. इंजिन बंद करायची दोरी ओढली, आणि ते मरता मरता पटकन सोडली. इंजिनानं परत उसळी घेतली आणि आतून एकच दणका आला, धप्प. फ्लायव्हील. मी बॉनेट पाडलं आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतला. दुपारपर्यंत क्लच निघाला. फ्लायव्हीलचे दोन बोल्ट तर बोटानं फिरले. जीपवाला म्हणाला, "आयला, इंजन उगीच खोललं असतं म्या!"

तेव्हाच बोललो. हात पुसले नाहीत, नाहीतर धीर सुटला असता. "केनवडच्या टेम्पोचंबी हेच होतं. उस्तादांनी बराबर सांगतलं होतं. म्या त्यांले भंगारातली बेरिंग दाखवली. कान त्यांचा नाई गेलता, इमान माह्यं गेलतं." कोणी हसलं नाही. टायरवाला नुसता "अरे बाप" म्हणाला आणि आपल्या दुकानात गेला.

आज तुमच्या घरी, चाचींकडे गेलो. त्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं, मधे कुठे थांबलो नाही. त्यांचे हात सुपातच राहिले. शिव्या देतील म्हणून मान खाली घातली होती. त्या हळूच म्हणाल्या, "म्हनूनच काय रे? त्या साली त्यांनी रेडिओ ऐकनं सोडून देल्लं. अजान झाली का, हे मले विचारत. मशीद समोर, अन् मले विचारत. मी म्हनो, तुमाले ऐकू नाई आली? तं म्हनत, आली असं वाटते, पन आता माह्या कानाचा भरोसा नाई."

मग त्यांनीच विचारलं, "ती बेरिंग दुसरी हाय, हे त्यांले समजलं असंन का?" हो म्हटलं असतं तर त्यांनाही बरं वाटलं असतं आणि मलाही. "नाई चाची," मी म्हटलं, "म्या देल्ली होती ना हातात. त्यांनी माप पाह्यलंच नाई." चाची उठल्या आणि मला पाठमोऱ्या होऊन चुलीजवळ उभ्या राहिल्या. चहा केला नाही. मी निघालो तेव्हा थांब म्हणाल्या नाहीत, आणि तेच बरोबर होतं.

आता जो कोणी दुकानात तुमच्या कानाचा विषय काढेल, त्याला हे सगळं सांगायचं, माझं नाक राहो की जावो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकणार तरी कुठे. पण एक कबूल करतो. तुम्ही तेव्हा मला पकडलं असतं तर मी पळून गेलो असतो, परत तोंड दाखवलं नसतं, एवढा मी भित्रा होतो. तरी उस्ताद, पकडायला पाहिजे होतं. मी गेलो असतो, पण अजान तुम्ही स्वतःच्या कानानं ऐकली असती.