नाना आणि मशीनची 'टीं'

जळगाव, १८ जून १९९२

आज अक्षर वाकडं येतंय, आनंदानं.

पाचोऱ्याच्या बियाणे सोसायटीत मी बसवलेल्या प्रोग्रामला हेडक्लार्क नाना हात लावत नव्हते. आज नाही जमलं तर सेक्रेटरी कॉम्प्युटर परत पाठवणार होते. नाना घाबरतात, वय झालंय, असं मी गावभर सांगत होतो. माझा प्रोग्राम तर पापणी लवायच्या आत सभासद शोधतो. त्यात खोट कशी असेल?

आज पहिल्यांदाच काउंटरच्या बाहेर, शेतकऱ्यांच्या बाकावर बसलो. नानांनी सभासदाचा नंबर चुकीचा टाकला आणि मशीन 'टीं' करून ओरडलं. शेजारचे आबा म्हणाले, "नाना, घर अक्का रागावस, आठे मशीन रागावस का?" घरी बायको रागावते, इथं मशीनही! सगळा बाक हसला. नानांनी मशीन सोडून जुनं रजिस्टर ओढलं.

ती 'टीं' मीच घातलेली, मोठ्या हौसेनं. चारचौघांत पाणउतारा करायची सोयच की. लगेच काढली आणि त्या जागी लिहिलं, "नाना, हा नंबर सापडत नाही. नावानं शोधू या का?"

मग नाना संध्याकाळपर्यंत मशीनपुढून उठले नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, "राहू द्या मशीन."

इतकी वर्षं प्रोग्राम लिहितोय, पण बाकावर बसून कधी पाहिलं होतं का? हे कसबच वेगळं आहे, आणि मला ते शिकायचंय, आत्ताच्या आत्ता.

निघताना बाक रिकामा होता. नाना मुद्दाम चुकीचा नंबर टाकत होते, आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.